बिझनेस स्कूलचं अ‍ॅक्रिडिटेशन नेमकं तपासतं तरी काय?

बिझनेस स्कूलच्या वेबसाइटवर अगदी तळाला अ‍ॅक्रिडिटेशन, म्हणजे शिक्षणाचा दर्जा तपासून मान्यता, देणाऱ्या संस्थांचे तीन-चार लोगो ओळीने लावलेले असतात. त्यातला एखादा वर्गणी भरून मिळालेल्या सभासदत्वाचा असतो, तर शेजारचा पाच-सहा वर्षं कागद आणि माणसं झिजवून मिळवलेला. दिसायला दोन्ही सारखेच. ‘एएसीएसबी मेंबर’ (या मान्यता देणाऱ्या संस्थेची सभासद) आणि ‘एएसीएसबी अ‍ॅक्रिडिटेड’ (तिने तपासून मान्यता दिलेली) यांतल्या फरकावर कित्येक जाहिराती उभ्या आहेत. मेंबर होताना शिकवण्याच्या दर्जाची तपासणी होतच नाही. म्हणून लोगो दिसला की स्कूलच्या साइटवर न रेंगाळता थेट ती मान्यता देणाऱ्या संस्थेची यादी उघडायची आणि तिथे नाव आहे का बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं तीन. एएसीएसबी अमेरिकेतली, १९१६ साली स्थापन झालेली. तिची मान्यता असलेली स्कूल्स आज हजाराच्या वर आहेत. इक्विस ही ब्रसेल्सच्या ईएफएमडी या संस्थेची मान्यता, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली. अ‍ॅम्बा लंडनची, १९६७ पासूनची. तिन्ही मिळाल्या की ‘ट्रिपल क्राउन’ म्हणून मिरवता येतं. पण या तिघी एकच गोष्ट तपासत नाहीत, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. एएसीएसबी त्या स्कूलच्या व्यवसाय आणि व्यवस्थापनाच्या पदव्या एकत्रितपणे बघते. इक्विस अख्खी संस्था बघते आणि आंतरराष्ट्रीयपणा व उद्योगांशी असलेले संबंध यांवर जास्त भर देते. अ‍ॅम्बाचा रोख एमबीए आणि व्यवस्थापनाच्या तशाच पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर. त्यामुळे अ‍ॅम्बाचा शिक्का असलेल्या स्कूलच्या पदवी अभ्यासक्रमाबद्दल त्या शिक्क्यावरून काहीच ठरवता येत नाही.

अ‍ॅम्बाचे आकडे सगळ्यात थेट आहेत. एमबीएला येणाऱ्याकडे पदवीनंतरचा किमान ३ वर्षांचा कामाचा अनुभव हवा, तुकडीत साधारण २० जण तरी हवेत, अभ्यासाचे एकूण तास किमान १८०० आणि त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे किमान ५००. आकडे सोपे वाटतात, पण त्यांमागे विचार आहे. एमबीएच्या वर्गात निम्मं शिक्षण शेजारच्या बाकावरून होतं. तुकडी आठ जणांची असेल किंवा सगळेच कालपरवा पदवी घेतलेले असतील, तर केस स्टडीवर चर्चा करणार कोण आणि कशाच्या जोरावर? इक्विसलाही अशी एक खालची रेषा आहे: किमान २५ पूर्णवेळ प्राध्यापक. त्याखालच्या स्कूलला दारातच थांबावं लागतं.

खरी पकड मात्र दोन ठिकाणी बसते, आणि दोन्ही ठिकाणं दिसायला अगदी कंटाळवाणी आहेत. पहिलं म्हणजे प्राध्यापकांचा तक्ता.

एएसीएसबीच्या २०२० च्या मानकांत एकूण ९ मानकं आहेत. त्यातलं तिसरं मनुष्यबळाचं. शिकवणाऱ्यांची तिथे दोनदा चाळणी होते. पहिल्या चाळणीत विचारलं जातं, की हा माणूस स्कूलच्या जगण्यात सामील आहे, की नुसता तास घेऊन निघून जातो? अभ्यासक्रम ठरवणं, समित्या, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन यांत असेल तर ‘पार्टिसिपेटिंग’, नाहीतर ‘सपोर्टिंग’. शिकवण्याचा साधारण ७५ टक्के भार पहिल्या गटाने उचलावा आणि कुठल्याही एका विषयात तो ६० टक्क्यांखाली जाऊ नये, अशी अपेक्षा असते. घोळ होतो तो विषयवार हिशेबात. अख्ख्या स्कूलचा आकडा ७८ टक्के येतो म्हणून सगळे निवांत असतात, आणि मार्केटिंगचे ६०० तास मोजायला घेतले की त्यातले ३३० च या पहिल्या गटाकडे निघतात. म्हणजे ५५ टक्के. बाकीचे तास सहा पाहुण्या वक्त्यांत वाटलेले. हे पाहुणे उत्तम शिकवत असतीलही. पण अभ्यासक्रम बदलायची वेळ आली की बैठकीला त्यातलं कुणीच नसतं.

दुसरी चाळणी पात्रतेची. संशोधनात चालू असलेले प्राध्यापक म्हणजे ‘स्कॉलरली अ‍ॅकॅडेमिक’. उद्योगाशी सल्लागार म्हणून जोडलेले डॉक्टरेटवाले, उद्योगातून येऊन लिखाण करणारे, आणि उद्योगातून येऊन शिकवणारे असे आणखी तीन गट आहेत. पहिला गट किमान ४० टक्के आणि चारही मिळून ९० टक्के असावेत. मोजायची ती डोकी नाहीत, त्यांचा वेळ; अर्धवेळ माणूस अर्धाच धरायचा. इथे ‘डॉक्टरेट आहे’ एवढ्यावर भागत नाही. पदवी ताजी असेल तर पहिली पाच वर्षं ती पुरते. पुढे गेल्या काही वर्षांतलं काम दाखवावं लागतं, आणि किती काम पुरेसं हे स्कूलने स्वतःच लिहून ठेवलेलं असावं लागतं. समजा, वीस पूर्णवेळ माणसांच्या स्कूलमध्ये आठजण पहिल्या गटात आहेत. बरोबर ४० टक्के. त्यातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकाचा शेवटचा लेख यंदा मुदतीबाहेर गेला. आता सात, म्हणजे ३५ टक्के. कुणी राजीनामा दिलेला नाही, कुणी निवृत्त झालेलं नाही, तरी तक्ता कोसळला. म्हणून शहाणी स्कूल्स हा तक्ता दरवर्षी पुढच्या तीन वर्षांसाठी मांडून बघतात. तपासणीसाठी दुसऱ्या स्कूल्सच्या डीनांची टीम यायच्या आधी सहा महिने जागी होणारी मग पैसे भरून छापणाऱ्या जर्नलांत लेख देतात, आणि भेटीला आलेला डीन ती नावं एका नजरेत ओळखतो.

दुसरं ठिकाण म्हणजे ‘अ‍ॅशुरन्स ऑफ लर्निंग’. विद्यार्थी जे शिकला असं आपण म्हणतो, ते तो खरंच शिकला का, हे गुणपत्रिकेच्या बाहेर जाऊन तपासायचं. गुणपत्रिका का चालत नाही? कारण ६८ गुणांत हजेरी आहे, गटातल्या हुशार मैत्रिणीचं काम आहे, पाठांतर आहे. नेमकं कौशल्य त्यातून वेगळं काढता येत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. उद्दिष्ट असं, की ‘विद्यार्थ्याला आकडेवारीच्या आधारे व्यवस्थापकीय निर्णय मांडता यावा’. तुकडी २४० ची. शेवटच्या सत्रातल्या एका अनिवार्य विषयातल्या प्रकल्प अहवालांपैकी ६० नमुन्यादाखल उचलले. रुब्रिकमध्ये, म्हणजे काय आणि किती जमलं हे ठरवायच्या तक्त्यात, चार ओळी: प्रश्न नीट मांडला का, पद्धत योग्य निवडली का, गणित बरोबर आहे का, आणि निष्कर्षाचा अर्थ निर्णय घेणाऱ्याला कळेल असा सांगितला का. प्रत्येक ओळीला तीन पातळ्या. किमान ८० टक्के विद्यार्थी मधल्या पातळीवर किंवा वर असावेत, हे मोजायच्या आधीच ठरवलेलं. निकाल असा येतो, की गणितात ९१ टक्के आणि अर्थ सांगण्यात ५८. विषयाची सरासरी मात्र झकास, कारण पेपरमधले बहुतेक गुण गणितालाच होते. आता बदल: दुसऱ्या सत्रातल्या संख्याशास्त्राच्या विषयात दर आठवड्याला एक पान, तयार तक्ता देऊन ‘हे तुमच्या वरिष्ठाला समजावून सांगा’. पुढच्या तुकडीत पुन्हा तेच रुब्रिक. या वेळी ७१ टक्के. अजून खालीच आहे, पण स्कूलला काय हललं ते कळलं. याला या क्षेत्रात ‘लूप बंद करणं’ म्हणतात. टीमला बघायची असते ती ही दुसरी मोजणी.

नेमकी तीच बहुतेकांकडे नसते. मोजलं, आलेख काढले, बैठकीच्या इतिवृत्तात ‘सुधारणा करण्याचे ठरले’ असं लिहिलं आणि फाईल कपाटात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ज्याने विषय शिकवला त्यानेच रुब्रिक भरणं. मग ९७ टक्के उत्तीर्ण निघतात आणि त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. तपासणारे दोघे हवेत, आणि सुरुवातीला दोघांनी तेच दहा अहवाल स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून बघायला हवेत. तिसरी चूक हौसेची. एका पदवीला चौदा उद्दिष्टं ठेवायची, आणि दुसऱ्या वर्षी समिती थकून जाते. चार ते सहा पुरे.

प्रक्रियेबद्दल थोडक्यात. एएसीएसबीत सभासद झाल्यावर पात्रतेचा अर्ज, मग दुसऱ्या स्कूलमधला अनुभवी माणूस मार्गदर्शक म्हणून, मग पहिला स्वमूल्यांकन अहवाल, ज्यात आपण कुठे कमी पडतो हे आपणच मानकागणिक लिहायचं. त्यानंतर काही वर्षं दुरुस्तीची, आणि शेवटी भेट. इक्विसची वाटही साधारण अशीच. त्यांच्या चार जणांच्या टीममध्ये एकजण उद्योगातला असतो. भेट दोन-तीन दिवसांची. एका खोलीत अभ्यासक्रमांच्या फायली, प्रश्नपत्रिका, उत्तम-मध्यम-नापास अशा तपासलेल्या उत्तरपत्रिका, प्रबंध हे सगळं मांडून ठेवायचं. विद्यार्थ्यांशी बोलताना प्राध्यापक बाहेर. पढवून ठेवलेले विद्यार्थी तिथे लगेच ओळखू येतात, कारण सगळे स्कूलचं ध्येयवाक्य शब्द न चुकता म्हणतात! ध्येय म्हणजे काय असं विचारल्यावर चाचरणारा विद्यार्थी परवडला.

निर्णय टीम घेत नाही. टीम अहवाल देते आणि वेगळं मंडळ ठरवतं; ज्यांनी तीन दिवस पाहुणचार घेतला त्यांच्याच हातात शिक्का नको, हा त्यामागचा हिशेब. इक्विसची मान्यता ५ वर्षांची किंवा ३ वर्षांची मिळते. ३ वर्षांची मिळाली म्हणजे कुठे सुधारायचं ते नेमकं लिहून दिलेलं असतं आणि दरवर्षी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. जाहिरातीत मात्र दोन्हींना ‘इक्विस’च म्हणतात.

क्रमवारीशी याची गल्लत नको. क्रमवारीत स्कूलने पाठवलेल्या माहितीवर पुष्कळ काही अवलंबून असतं. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूलचं ऑनलाइन एमबीए यू. एस. न्यूज या क्रमवारी छापणाऱ्या प्रकाशनाच्या यादीत सलग चार वर्षं पहिलं होतं. प्रवेश घेतलेल्या सगळ्यांनी जीमॅट या प्रवेश परीक्षेचे गुण दिले असं कळवलेलं होतं. प्रत्यक्षात ते देणारे सुमारे एक पंचमांशच निघाले. २०१८ मध्ये प्रकरण उघडकीला आलं आणि माजी डीनला २०२२ मध्ये १४ महिन्यांची शिक्षा झाली. पण टाळ्या वाजवण्याआधी हेही लक्षात घ्यावं, की त्या स्कूलला एएसीएसबीची मान्यता होतीच. काही वर्षांतून एकदा येणारी टीम व्यवस्था तपासते. कोण कुठल्या यादीला कोणता आकडा कळवतं, हे तिला दिसत नाही.

आणखी एक तक्रार रास्त आहे. संशोधनाच्या टक्केवारीमुळे स्कूल्स लेख लिहिणाऱ्याला नेमतात आणि शिकवण्यात जीव ओतणारा मागे पडतो. नवीन मानकांत शिकवण्याचा परिणाम आणि समाजावरचा प्रभाव यांना जागा दिली आहे खरी, पण लेख मोजणं सोपं आणि प्रभाव मोजणं अवघड, तेव्हा काटा कुठे झुकणार ते उघड आहे.

प्रवेश घेणाऱ्याने स्कूलला विचारावं असं एकच सुचवतो: गेल्या मोजणीत विद्यार्थ्यांचं कुठलं कौशल्य कमी आढळलं आणि त्यावरून कुठल्या विषयात काय बदललं? ‘अभ्यासक्रम वेळोवेळी अद्ययावत केला जातो’ असं उत्तर आलं तर फी भरण्याआधी आणखी चौकशी करा. विषयाचं नाव आणि दोन आकडे मिळाले, तर पुढचे प्रश्न वसतिगृहाबद्दल विचारायला हरकत नाही.