कोळसा, गॅस की पेलेट?

आज आमच्या इंदूरच्या गच्चीवर वांगी, पनीर आणि भुट्टे भाजले. अमेरिकेहून आलेला भाचा त्याच्या पेलेट ग्रिलबद्दल भरभरून बोलत होता, आणि ते यंत्र मला खरंच आवडलं. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजेच पेलेट, डब्यात भरायच्या. फिरता स्क्रू त्या थोड्या थोड्या जाळात ढकलतो, पंखा वारा घालतो, तापमान आपोआप सांभाळलं जातं. ऑरेगनच्या जो ट्रेगरने १९८६ मध्ये याचं पेटंट घेतलं. तासन्‌तास मंद आचेवर शिजवायचं तर याला तोड नाही. पण वीज गेली की सगळं ठप्प!

गॅस झटपट पेटतो, धुराचा वास मात्र नाही.

माझं मत कोळशालाच. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मगच वांगं ठेवायचं. साल तडकते, रस ठिबकतो, चर्र होतं आणि तो धूर गरात मुरतो. त्या भरताला वेगळं काही घालावंच लागत नाही. भुट्ट्यावरचे काळे डाग बघून भाचाही म्हणाला, "मामा, पेलेटवर एवढी कडक आच लागत नाही."

पुढच्या रविवारी कंड्यांवर, म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांवर, बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) करतोय. कोण कोण येतंय?