आमची वाटचाल : तिरकी चुणी आणि आमचा पार्टनर

स्लिटिंगचं, म्हणजे प्लास्टिक फिल्मचे रुंद रोल कापून अरुंद करून द्यायचं, जॉबवर्क करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, १२ मायक्रॉनची पातळ पॉलिएस्टर फिल्म मशीनवर चढली की ऑपरेटर चहालासुद्धा हलत नाही. आम्ही सुरू केलं ते सेकंडहँड स्लिटरवर, पार्टनर ऑर्डरी आणायचा, मशीन मी बघायचो. पुढची बरीच वर्षं नीट गेली, त्यात काय सांगायचं.

मग पार्टनर वेगळा झाला. स्वतःचं मशीन टाकलं त्याने, टाकू दे ना, पण नेमक्या त्याच वेळी आमच्या मालाला चुण्या, म्हणजे फिल्मला सुरकुत्या, यायला लागल्या आणि याने मार्केटभर करून टाकलं की ह्यांचं मशीन संपलं. लॉटच्या लॉट परत. सर्व्हिसवाला म्हणे फिल्म खराब, फिल्मवाला म्हणे टेन्शन, म्हणजे फिल्मचा ताण, वाढवा. अहो पण चुणी तिरकी आहे ना! टेन्शनने पडतात त्या उभ्या पन्हळी, तिरकी दिसली की समजायचं मशीनमधला कुठलातरी फिल्म फिरवणारा रोल शेजारच्या रोलला समांतर नाही. फिल्म नेहमी रोलला काटकोनात भिडायला बघते, रोल वाकडा असला की ती कडेला ओढली जाते आणि अंगातच दुमडते, त्यात टेन्शन वाढवलं तर रोलला आणखी घट्ट धरते, चुणीला सरकून सुटायला जागाच राहत नाही. हे मी ओरडून सांगत होतो, ऐकतं कोण.

ऐकलं एका लेबलवाल्या अण्णांनी, आमचं पहिलं गिऱ्हाईक. म्हणाले माझा माल थांबू दे, तू आधी मशीन उघड. दोन-दोन रोलना मिळून स्टीलचा टेप गुंडाळून दोन्ही टोकांना माप घेत गेलो, तर एका आयडलरला, म्हणजे मोटर नसलेल्या, फिल्मबरोबर नुसत्या फिरणाऱ्या रोलला, फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. सर्व्हिसवाल्याने बेअरिंग बदलताना शिम, म्हणजे उंची जुळवायची पातळ पत्री, एकाच बाजूला सारली होती! ती काढली, लेव्हल लावून रोल बसवला, चुणी गायब. गेलेली गिऱ्हाइकं मात्र सगळी परत आली नाहीत.

नव्या पोरांना सांगतो, बनाना रोल, म्हणजे चुण्या पसरवणारा वाकडा रोल, घ्यायला पळू नका, आधी मापं घ्या. तोवर अडलंच तर आयडलरच्या दोन्ही टोकांना, फिल्मची कड येते तिथे, चिकट टेपचे दोन वेढे मारा, कडा बाहेर ओढल्या जातात आणि मधली फिल्म ताणून बसते. आणि गुंडाळलेल्या फिल्मच्या रोलवर हाताला एखादा कडक पट्टा लागला तर मशीनला शिव्या देऊ नका, २० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये एका जागी अर्धा मायक्रॉन जास्त असला तरी ३००० वेढ्यांत दीड मिलीमीटरचा उंचवटा होतो, तो फिल्मवाल्याला दाखवा.

पार्टनरकडे हल्ली तिरक्या चुण्या पडतात म्हणे. फोन केला तर सांगेन की, पण आधी जुना हिशोब.