विजेच्या गाडीनं महाबळेश्वर: निघण्याआधी हॉटेलच्या प्लगची चौकशी करा

रोज कोथरूड ते हिंजवडी ये-जा करायला विजेची गाडी झकास आहे. रात्री घरी प्लगला लावली की सकाळी तयार. पण लोकांचा प्रश्न ठरलेला, "घाटात काय होतं?" म्हणून हा वृत्तांत.

आमच्या गाडीची बॅटरी साधारण ४० युनिटची. आम्ही चौघं आणि भरलेली डिकी. पुण्यातून ९५ टक्क्यांवर निघालो. कंपनीनं सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते तो आकडा, विसरा. हायवेला ८०च्या वेगानं युनिटमागे साडेसहा किलोमीटर धरा. शंभरच्या पुढे गेलात तर टक्के भराभर उतरतात. खंबाटकी ओलांडून सुरूरला वळलो, वाईत ६० टक्के उरले होते.

पसरणी घाटात आकडा बघता बघता खाली येतो, पण घाबरू नका. वाईहून महाबळेश्वर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच. भरलेली गाडी तेवढी वर चढवायला रोजच्या खर्चाशिवाय साडेतीन-चार युनिट जास्त लागतात, इतकंच. वर पोचलो तेव्हा ४२ टक्के होते.

खरी परीक्षा हॉटेलच्या पार्किंगमध्ये झाली. फोनवर "चार्जिंगची सोय आहे" असं सांगितलं होतं. सोय म्हणजे भिंतीवरचा १५ अँपिअरचा सॉकेट. चार्जर लावला तर लाल दिवा: अर्थिंगच नाही. "इथं तर आमची मशीन चालते साहेब," मॅनेजर म्हणाले. चालत असेल, पण गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर चालू होत नाही. ते आपल्याच जिवासाठी आहे, त्याला फसवायच्या युक्त्या कुणी सुचवल्या तरी करू नका. शेवटी स्वयंपाकघरामागच्या सॉकेटला हिरवा दिवा लागला. बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचारा: १५ अँपिअरचा सॉकेट आहे का, त्याला अर्थिंग आहे का, आणि गाडी त्याच्यापर्यंत जाते का. बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, रात्रभराच्या लोडनं तो तापतो. मीटरचं रीडिंग बघून पैसे देऊ, असं आधीच सांगितलं की हॉटेलवालेही खुशीनं तयार होतात.

या सॉकेटवर तासाला तीन युनिट भरतात, म्हणजे रात्र पुरते. पण वर १०० टक्के भरू नका! बॅटरी फुल असली की उतारावर तयार होणारी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते, मग रीजन (मोटरनंच गाडी हळू करून वीज परत बॅटरीत भरणं) मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आम्ही ८५ला थांबवली. पाचगणीहून वाईला उतरताना बॅटरी टक्काभर वाढली, ब्रेकला फारसा पाय लावावा लागला नाही.

परतताना रविवार संध्याकाळ, खेड शिवापूरला नेहमीसारखी रांग. उभ्या गाडीत एसी तासाला एखादं युनिट खातो, त्यामुळे ट्रॅफिकची धास्ती बाळगू नका. वाटेत फास्ट चार्जर लागणारच असेल तर प्लगशेअर या चार्जर शोधायच्या अ‍ॅपवर ताज्या तारखेच्या नोंदी बघा, आणि जवळचा दुसरा पर्याय हेरून ठेवा.