तिनं पुस्तकं परत केली

ग्रंथपाल सर जाता जाता सांगून गेले, "मॅडम, तुमच्या ग्रुपमधली ती धारूर घाटाखालची, तिनं बुक बँकेचा संच जमा केला." परीक्षेला अजून दोन महिने आहेत. एरवी परीक्षा झाल्यावरही पोरांच्या मागं लागून संच काढून घ्यावा लागतो. हिनं आपणहून आणून दिला.

मी मुद्दाम पुस्तकं उघडून बघितली. कव्हरं जशीच्या तशी. इतिहासाच्या पुस्तकात पेन्सिलीनं ओळी अधोरेखित केलेल्या होत्या, त्या सगळ्या खोडलेल्या. खोडरबराचा चुरा पानांच्या बेचक्यात तसाच. पुढच्या कुणाला पुस्तक कोरं मिळावं म्हणून बसून खोडलं असणार. ते बघितल्यापासून जिवाला चैन नाही.

पहिल्या सत्रात तिचं इंग्रजी राहिलं. बारावीपर्यंत विषय गेला की गाडी अडायची, तेच डोक्यात पक्कं बसलेलं. इथं दुसरं सत्र चालूच राहतं, राहिलेला पेपर पुढं देता येतो, हे वर्गात सांगून झालं होतं. पण ज्यांना ऐकायची गरज असते ती नेमकी त्या दिवशी गावाकडं असतात. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाची गुणपत्रिका. मेजर, इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, कोडच कोड. 22 पैकी 20 क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, तिच्या नावावर जमा आहेत. तिला दिसला तो नापासाचा एकच एफ.

रडली असती, भांडली असती, दांड्या मारल्या असत्या तर मला कळलं तरी असतं. ही लेकरं इतकी शहाण्यासारखी का निघून जातात? कुणाला तोशीस नको, कुणाला विचारणं नको. घेतलेलं परत करायचं आणि बाजूला व्हायचं. हे कुणी शिकवलं त्यांना?

दुपारी स्टाफरूममध्ये बसून उगाच भरून आलं. मेंटॉर म्हणून माझ्याकडं दिलेल्या पोरांच्या फाइलला सही आणि तारीख लागते, बाकी रकाने कोण वाचतं? संध्याकाळचे माझे दोन तास पोरांच्या घरी फोन करण्यात जातात, घरी त्यावरून जे चालतं ते इथं लिहीत नाही. आईलाही आज फोन करायचा राहिला.

तिचा म्हणून दिलेला नंबर वडिलांचा. ते कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, कारखान्याकडं. दिवसभर बंद लागला. रात्री नऊच्या पुढं त्यांचाच आला. "मॅडम, फडात रेंज नसती. पोरीचं काय झालं का?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. पुस्तकं दिल्याचंही नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "मागल्या आठवड्यात म्हणत होती, पासाचे पैसे उगं कशाला घालवायचे." बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत तिचा एसटीचा पास फुकट होता. कॉलेजात आल्यावर सवलतीतला असला तरी तिसरा हिस्सा भरावा लागतो. 2023 पासून बायकांना तिकीटही अर्ध्यात मिळतं, पण अर्धं असलं तरी रोज काढायचंच. घरी आजी, धाकटी दोघं, आणि खर्चाची वही हिच्याच हातात. नापास झाले तर पासावर पैसे का घालायचे, असा तिचा हिशोब. तिच्या बाजूनं चोख.

क्रेडिटचं त्यांना कसं सांगायचं कळेना. म्हटलं, सगळं झालंय, एक विषय राहिलाय, तो याच परीक्षेत देता येतो, वर्ष गेलेलं नाही.

"वर्ष गेलं नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. मग कोपीत, त्यांच्या झोपडीत, कुणाला तरी मोठ्यानं तेच सांगितलं. फॉर्मची शेवटची तारीख विचारून घेतली, आणि मला ती पुन्हा म्हणायला लावली.

फोन ठेवल्यावर मन जरा जागेवर आलं. ती येईल, किंवा येणारही नाही. पट्टा पडला, ऊसतोडीचा हंगाम संपला, की आईबाप घरी येतील, मग लगीनसराई, तेव्हा तिच्याबद्दल काय ठरेल ते माझ्या फोनानं ठरत नाही. याचा त्रास आज दुपारइतका होत नाहीये. एका घरात कळलं की वर्ष गेलेलं नाही, तेवढं आज झालं.

उद्या पहिल्या तासाआधी निकालाची यादी घेऊन बसायचं. एकच विषय राहिलेले कोण कोण, ते बघायचं. वर्गात सगळ्यांपुढं नाही, एकेकाला बोलवून, गुणपत्रिका समोर ठेवून, जमा क्रेडिटवर बोट ठेवून सांगायचं. जे आलेले नसतील त्यांना रात्री नऊनंतर फोन.