इंग्रजीच्या तासाला चावलेलं काडेचिराईत

स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला तेव्हा गॅदरिंग, सहली, क्रिकेटच्या मॅचेस असं बरंच आठवलं, पण त्यावर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते आमच्या इंग्रजीच्या सरांबद्दल आणि त्यांनी नववीत शिकवलेल्या एका शब्दाबद्दल, बिटर.

साल १९८२-८३. गिरणगावातली आपली मराठी मीडियमची शाळा, वर्गातल्या बहुतेकांचे वडील गिरणीत आणि १८ जानेवारी १९८२ पासून संप चालू, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले. घर चालेना म्हणून कितीतरी पोरं गावी पाठवली होती, त्यामुळे मागची बाकं रिकामीच असायची. अशा वर्षात सर एक दिवस काष्टौषधीवाल्याकडची पुडी घेऊन वर्गात आले. पुडीत काडेचिराईत. प्रत्येकाच्या हातावर नखाएवढा तुकडा ठेवला आणि म्हणाले, चावा, गिळू नका, आणि गप्प बसून बघा काय होतंय. आधी काहीच नाही, वाळक्या गवतासारखं. मग जिभेच्या मुळाशी जे कडू सुरू झालं ते थांबेचना, पोरं नळावर जाऊन चुळा भरून आली, एकाने डब्यातला गूळ खाल्ला तर गूळ पटकन विरघळून गेला आणि कडू तिथल्या तिथे.

मग सरांनी फळ्यावर लिहिलं, बिटर आणि त्याच्या शेजारी बाइट, म्हणजे चावणं. दोन्ही एकाच मुळातले. जुन्या इंग्रजीत तलवारीच्या धारेलासुद्धा बिटर म्हणायचे, म्हणून बिटर कोल्ड म्हणजे चावणारी थंडी, आपण बोचरी म्हणतो तशीच. म्हणजे या शब्दात चवीआधी दात आहेत हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढचे दोन-तीन तास सर याच वाटेवर होते, पोर्शन मागे राहिला असणार पण त्यांना फिकीर नव्हती. गॉल म्हणजे पित्त आणि गॉल म्हणजे मनातलं विखारी कडूपणसुद्धा. मेलँकली हा ग्रीकमधून आलेला, त्याचा अर्थच काळं पित्त, कारण त्या लोकांच्या वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस होते आणि काळं वाढलं की माणूस उदास. आमच्या घरात पित्त खवळलं हे वाक्य रोजचंच, त्यामुळे ग्रीक लोक एकदम चाळीतले वाटायला लागले. बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात वर्मवुड आणि गॉल जोडीने येतात, दुःखाची चव सांगायला. हे वर्मवुड आपल्या दवण्याच्याच कुळातलं झाड, ज्योतिबाला वाहतात तो दवणा. आणि रँकर, म्हणजे मनात धरून ठेवलेला आकस, तो रॅन्सिडचा सख्खा भाऊ, रॅन्सिड म्हणजे खवट झालेलं तेल. यावर एक मुलगी म्हणाली, सर आमची आत्या पण खवट बोलते, तेव्हा सर एवढे खूश झाले की तिला पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते त्यांनी सांगितलेलं अँग्री आणि बिटर यातलं अंतर. रागावलेल्या माणसाला समोरच्याकडून अजून काहीतरी हवं असतं, बिटर माणसाने अपेक्षा सोडलेली असते पण हिशोब सोडलेला नसतो. मराठीत आपण कटुता आली म्हणतो ती दोघांच्या मध्ये येते, भावाभावांत, शेजाऱ्यांत. इंग्रजीत माणूस स्वतःच बिटर होतो, एकटा, आतून.

हे मी घरात बघितलं. पहिल्या वर्षी बाबांना नुसता राग होता, सभांना जायचे, घोषणा द्यायचे, रात्री उशिरापर्यंत जिन्यावर वाद घालायचे, आणि खरं सांगतो त्या रागात जीव होता. नंतर ते बोलायचेच बंद झाले. लवकर कामावर परतलेला एक शेजारी, एकाच गावचा, त्याच्याशी पुढे कधीच बोलले नाहीत, त्याने गणपतीचा प्रसाद पाठवला तरी ताट झाकून ठेवायचे. आईला वाटायचं बाबांना अजून राग आहे. मला सरांमुळे कळत होतं की हा राग नाही, आणि ते कळल्यामुळे मी बाबांशी भांडलो नाही, नुसता शेजारी बसत गेलो.

त्याच सुमारास इंग्रजी पेपरात टु द बिटर एंड असं वाचून मी सरांना विचारायला गेलो. त्यांनी फळ्यावर होडी काढली. जहाजावर नांगराचा दोर ज्या खुंटांना गुंडाळतात त्यांना बिट्स म्हणतात आणि दोराचं जहाजाकडचं टोक ते बिटर एंड, दोर तिथपर्यंत सुटला की द्यायला दोर उरतच नाही. रत्नागिरीकडच्या पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय बायबलमध्येही वर्मवुडसारखा कडू शेवट आहे, म्हणून इंग्रजी कानाला त्यात चवही लागते असं सर म्हणाले. तो संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच नाही हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

अलीकडे वाचलं की आपल्या जिभेवर कडू ओळखणारे रिसेप्टर पंचवीसच्या आसपास प्रकारचे आहेत आणि गोडासाठी मुख्य एकच, कारण विष बहुतेक वेळा कडू असतं. हे सरांना सांगायला हवं होतं, त्यांनी यावर अख्खा तास घेतला असता.

आता मुद्द्याचं. सर ज्या जाडजूड डिक्शनरीतून शब्दांची मुळं काढायचे तशी एक, मुळं देणारी, नववीच्या प्रत्येक वर्गात हवी. ऑफिसच्या कपाटात कुलपात नको, वर्गात, पोरांच्या हाताला येईल अशी. पैसे मी देतो, माजी विद्यार्थी संघाने फक्त किती तुकड्या आहेत ते कळवावं.

(दहावी, १९८४ ची बॅच)