भाजीच्या पिशवीत बसेल असे काहीतरी

पुण्यात आमच्या भागातल्या मैदानावर दर रविवारी सकाळी शेतकरी आठवडे बाजार भरतो. राज्य सरकारने 2016 साली फळे आणि भाज्या बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केल्या, त्यानंतर शहरांतून असे बाजार वाढत गेले. पुरंदर, मुळशी, जुन्नरकडचे शेतकरी पहाटेच टेम्पो घेऊन येतात आणि दुपारी बाराच्या आत माल संपवून परत निघतात. मैदानाच्या एका कडेला बचत गटांच्या आणि घरी पदार्थ करणाऱ्यांच्या तीन-चार टेबलांना जागा मिळते. त्यांतले एक टेबल गेली तीन वर्षे माझे आहे आणि त्यावर मी घरच्या ओव्हनमध्ये भाजलेली नानकटाई, नाचणीची बिस्किटे आणि केळ्याचा केक विकते.

सुरुवात मात्र यांपैकी कशानेच झाली नव्हती. वाढदिवसांचे केक करून माझा हात बसलेला होता, त्यामुळे पहिल्या रविवारी मी मोठ्या हौसेने क्रीम लावलेले छत्तीस कपकेक घेऊन गेले. मार्चचा महिना होता. साडेआठपर्यंत क्रीमचे शेंडे झुकले आणि साडेनऊला त्यांनी सपशेल लोटांगण घातले. सात कपकेक विकले गेले, तेही कडेवरच्या मुलांच्या हट्टामुळे. शेजारी भाजी विकणारे सासवडकडचे भाऊ बराच वेळ हे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, “ताई, माल चांगला आहे, पण बाई हे पिशवीत नेणार कसं?” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. बाजाराला आलेल्या माणसाच्या एका खांद्यावर दोन किलो कांदे असतात, दुसऱ्या हातात मेथीच्या जुड्या आणि दुधी भोपळा असतो, आणि त्याला अजून टोमॅटो घ्यायचे असतात. त्या पिशवीत दुधी भोपळ्याच्या शेजारी बसून जे धडपणे घरी पोहोचेल, तेच इथे विकले जाते. पुढे मी काय करायचे आणि काय नाही, याचा निकाल त्या एका प्रश्नाने लावला.

नानकटाईकडे वळले ती आठवणीमुळे. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई घरून तूप, पिठीसाखर, मैदा आणि वेलदोड्याची पूड डब्यांत भरून गल्लीच्या टोकाच्या भट्टीवर पाठवायची. भट्टीवाला मजुरी घेऊन आमच्याच जिन्नसांची नानकटाई भाजून द्यायचा आणि आपले तूप त्याने दुसऱ्याच्या घाण्यात तर घातले नाही ना, हे पाहायला आम्हा मुलांना तिथे बसवून ठेवलेले असायचे. नानकटाईचा उगम सुरतेतल्या डच वखारीच्या बेकरीशी जोडला जातो, पण माझ्या लेखी ती त्या पत्र्याच्या ताटांची आणि त्यांखालच्या वर्तमानपत्राच्या तेलकट कागदाची आहे. बाजारात पन्नाशीच्या पुढचे गिऱ्हाईक एक तुकडा तोंडात टाकून क्षणभर थांबते आणि मग हमखास स्वतःच्या गावच्या भट्टीची गोष्ट सांगू लागते. मागे रांग असली तरी मी ती ऐकून घेते.

आता कृतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण नानकटाई दिसते तितकी सोपी नाही. माझ्या एका घाण्याला अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम बेसन, पन्नास ग्रॅम बारीक रवा, तीनशे ग्रॅम तूप आणि तेवढीच पिठीसाखर लागते. तूप पातळ केलेले चालत नाही; ते थिजलेले पण मऊ असावे लागते आणि साखरेबरोबर फेसून पांढरेशुभ्र व हलके व्हावे लागते, कारण नानकटाईचा खुसखुशीतपणा त्या फेसण्यात कोंडलेल्या हवेवर अवलंबून असतो. पीठ मिसळल्यावर मात्र हात आवरता घ्यावा लागतो, कारण मळत राहिले की मैद्याला चिवटपणा येतो. मे महिन्यात तूप ओट्यावरच विरघळू लागते आणि ओव्हनमध्ये गेलेली नानकटाई पसरून पापडासारखी चपटी होते, म्हणून उन्हाळ्यात गोळे वळलेले ताट वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवूनच मी भाजायला घेते. घरगुती ओव्हनची मागची बाजू नेहमी जास्त तापते, त्यामुळे 160 अंशांवर दहा मिनिटे झाल्यावर ताट फिरवावेच लागते. हे समजेपर्यंत दोन रविवार अर्ध्या करपलेल्या आणि अर्ध्या फिक्या नानकटाया आमच्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकांनी खाल्ल्या.

नाचणीने याहून जास्त रडवले. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि बाजारात जो तो नाचणीचे काही आहे का, असे विचारू लागला. नाचणीत ग्लूटेन नसते, त्यामुळे तिचे पीठ एकमेकांना धरून राहत नाही आणि निव्वळ नाचणीचे बिस्कीट उचलताच त्याचा भुगा होतो. शेवटी साठ भाग नाचणी आणि चाळीस भाग कणीक यांवर मी स्थिरावले. नाचणीचे पीठ मंद आचेवर खमंग भाजायचे आणि दूध घालून मळलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा, म्हणजे कोंडा ओल शोषून घेतो आणि दाताखाली कचकच लागत नाही. यात कणीक आहे, हे मी तोंडाने सांगते आणि वेष्टनावरही ठळक लिहिते. त्यामुळे काही गिऱ्हाईके निघून जातात, पण ज्यांना गव्हाचे पथ्य आहे त्यांच्या हाती चुकूनही हा पुडा पडता कामा नये.

माझ्या टेबलाशी विचारला जाणारा पहिला प्रश्न चवीचा किंवा किमतीचा नसतो, तो “अंडं आहे का?” हा असतो. आपल्याकडे कायद्याच्या लेखी अंडे घातलेला केक मांसाहारात मोडतो आणि त्याच्या वेष्टनावर हिरवा ठिपका लावता येत नाही. दोन्ही प्रकार ठेवायचे तर भांडी वेगळी, ताटे वेगळी आणि शंका मात्र सगळ्यांवर सारखीच, असा हिशेब दिसल्यावर मी बाजारासाठी अंडे बंद केले. केळ्याच्या केकला त्याने काही अडत नाही, कारण पिकलेले केळेच ओलावा आणि बांधणी देते. दुसरा प्रश्न “कयानीसारखी श्रूजबेरी मिळेल का?” हा असतो. कॅम्पातल्या त्या बेकरीची बिस्किटे मलाही आवडतात, म्हणून मी प्रामाणिकपणे त्यांना कॅम्पाचा रस्ता दाखवते. तिसरा प्रश्न उपवासाचा. एका एकादशीला मी राजगिऱ्याची बिस्किटे ठेवली होती, तेव्हा एका आजींनी खाण्याचा सोडा उपवासाला चालतो का, असे विचारले आणि भोवती जमलेल्या चार जणींमध्ये त्यावर असा वाद रंगला की माझी विक्रीच थांबली. पुढच्या एकादशीपासून मी सोडा काढून टाकला. बिस्किटे थोडी घट्ट होतात, पण वाद मिटला.

कागदपत्रांचा बाऊ करण्याचे कारण नाही, परंतु ती टाळूही नयेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी मी केली, तेव्हा ती वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी होती, तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये होते आणि अर्ज ऑनलाइन भरता आला. त्यानंतर मिळणारा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. त्याबरोबर घटक त्यांच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावे ते, किंमत आणि आपला पत्ता हेही द्यावे लागते. सुरुवातीला मी हाताने लिहिलेली गोजिरी लेबले लावत असे, पण दव पडले की शाई पसरायची आणि मुदतीची तारीख वाचता येत नसे. आता छापील चिकटपट्ट्या वापरते. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर गिऱ्हाईक कापडी पिशवी घेऊनच येते, याचा मला फायदाच झाला, कारण वेगळी पिशवी द्यावी लागत नाही.

पैशांविषयी लिहायला संकोच वाटतो, तरीही लिहिते. वर दिलेल्या घाण्याला तुपाचेच दोनशे दहा रुपये होतात, बाकीचे जिन्नस सत्तरच्या आसपास, वीज वीस रुपयांची आणि पाच पुड्यांच्या खोक्यांचे साठ, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या एका पुड्याला बहात्तर रुपये पडतात. टेबलाचे भाडे आणि रिक्षा धरली की तोच आकडा सत्त्याऐंशीवर जातो. मी पुडा एकशे चाळीसला देते. पहिले सहा महिने मात्र शंभरला देत होते, कारण स्वतःच्या वेळेची किंमत लावायची हे माझ्या डोक्यातच आले नव्हते आणि ओळखीच्या काकूंकडून जास्त पैसे कसे घ्यायचे, याची लाज वाटत होती. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस होत असलेल्या ठिकाणी एकशे चाळीस हा आकडा उच्चारणे सोपे नसते. “घरीच तर करता ना, मग एवढे कसे?” असे मला अनेकदा ऐकावे लागले आहे. त्यावर मी एवढेच सांगते की डालडा वापरला असता तर पुडा साठ रुपयांत दिला असता, आणि वासासाठी डबा पुढे करते. वास घेतलेल्या माणसाने घासाघीस केल्याचे फारसे आठवत नाही.

पावसाळा हा आमच्या धंद्याचा खरा वैरी. गूळ हवेतले पाणी ओढून घेतो, त्यामुळे गुळाची बिस्किटे जुलैत सकाळी कुरकुरीत असतात आणि दुपारी वाकतात. म्हणून पावसाळ्याचे अडीच महिने मी गुळाचे सारे बंद ठेवते आणि केळ्याच्या केकवर भर देते, कारण तो मऊच असायला हवा. त्यासाठी लागणारी केळी बाजारातच मिळतात. साडेअकरानंतर काळे ठिपके पडलेली केळी कोणी घेत नाही; ती परत नेण्याऐवजी केळीवाल्या मावशी मला निम्म्या भावात देतात आणि त्यांच्यासाठी मी पुढच्या रविवारी केकचे दोन तुकडे बाजूला काढून ठेवते. केकसाठी नेमकी हीच केळी उत्तम, कारण पिकताना त्यांतल्या पिठुळ भागाची साखर झालेली असते आणि वरून साखर कमी लागते.

शेजारचे भाऊ सासवडचे असल्यामुळे सीताफळांच्या दिवसांत त्यांचा एकच धोशा असतो की मी सीताफळाचा केक करावा. मागच्या वर्षी त्यांनी दिलेल्या फळांचा गर काढायला अख्खा शनिवार गेला आणि केक ओव्हनमधून बाहेर आला तो कडू. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो; म्हणूनच रबडी गार झाल्यावर त्यात तो घालतात, हे सासूबाईंनी मला नंतर सांगितले, आधी सांगितले असते तर बरे झाले असते. केकचा तुकडा मी भाऊंनाही दिला. त्यांनी तो सावकाश चावला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “राहू द्या, पुढल्या वेळी अंजीर आणतो.” परवा त्यांनी खरोखरच अंजिरांची एक पेटी माझ्या टेबलाखाली ठेवली. त्यांतली निम्मी चिरून गच्चीवर उन्हात वाळत घातली आहेत आणि ती नानकटाईच्या पिठात कितपत टिकतात, ते शनिवारी रात्री कळेल.