इंदुरात मराठी पुस्तकाचा टाइप शोधताना

मावशीच्या आठवणींचं पुस्तक घरच्यांपुरतं छापायचं ठरलं आणि मजकूर घेऊन मी खजुरी बाजारातल्या एका डीटीपीवाल्याकडे गेले. इंदुरात अशा दुकानांचा सगळा कारभार हिंदीत. माझा मजकूर युनिकोडमधला, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीतला. त्याने तो कन्व्हर्टरमधून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या हिंदी फॉण्टमध्ये उतरवला. प्रूफ बघते तर ‘तऱ्हा’तला अर्धा र उडून रफार झालेला, ‘ॲडव्होकेट’च्या जागी चौकोन आणि ल-श सगळे हिंदी वळणाचे. दाखवलं तर म्हणाला, “दीदी, ल तो ल ही है, पढ़ने में आ रहा है ना?” येत होतं, नाही कशाला म्हणू? पण मावशीच्या पिढीच्या डोळ्यांना सवय दुसऱ्याच वळणाची. मुंबईतल्या जावजी दादाजींच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याचे, राणू रावजी आरूंनी घडवलेले टाइप ज्या ग्रंथांत वापरले, ते ग्रंथ आमच्या आजोळच्या कपाटात आहेत.

मग टाइप, म्हणजे फॉण्ट, मीच शोधायला बसले. इंग्रजी पुस्तकी टाइपात अक्षरांच्या टोकांना सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या रेघा, असतात. देवनागरीत तसं काही नसतं. तिथे बोरूच्या (वेताच्या लेखणीच्या) तिरक्या कापातून येणारं जाड-बारीक वळण अक्षराला पुस्तकी रूप देतं. मुक्ता हा फॉण्ट पडद्यावर छान दिसतो, पण रेषा जवळपास एकाच जाडीची. शीर्षकाला ठीक, पानामागून पान वाचायला मला सपाट वाटला. टिरो देवनागरी मराठी मात्र बघताक्षणी पटला. ल-श मुळातच मराठी, जोडाक्षरं जुन्या धर्तीची, आणि फॉण्ट मोफत. त्यात ठळक वजन नाही, फक्त साधा आणि तिरपा. प्रकरणांची नावं मोठ्या आकारात घेतली, भागलं. तसंही आजकाल शीर्षकं उगाच काळीकुट्ट करतात.

पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये आधी जोडाक्षरं फुटून हलन्त (पाय मोडलेली अक्षरं) दिसत होते. परिच्छेदाला त्यातला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (ओळी जुळवायचा पर्याय) लावल्यावर नीट जुळली.

पडद्यावर बघून मात्र काही ठरवू नये. ळ, ऱ्य, द्ध, क्ष, ॲ असलेला एक उतारा वेगवेगळ्या आकारांत, पुस्तकाच्याच कागदावर काढला. बारा पॉइंटला बारीक रेषा फिक्या पडत होत्या. तेरा पॉइंट अक्षर आणि ओळींना एकोणीस पॉइंटांची जागा, हे जमलं. अंतर याहून कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकायचा. मावशीला नमुने दिले, कुठला काय ते न सांगता. तिने बोट ठेवलं ते तेरावरच, वर “हा शुद्धलेखनाच्या वहीसारखा मोठा नको” म्हणून चौदा बाजूला सारला.

पानं वाढली, कागदाचा खर्चही. प्रेसला इनडिझाइनची उघडी फाइल दिलीच नाही, तिथे फॉण्ट बदलायला नको म्हणून. फॉण्ट आत बसवलेली पीडीएफ दिली आणि छपाईची प्लेट बनण्याआधी ‘तऱ्हा’ असलेलं पान छापून मागवलं.